आठव्या भागाची बाजू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'फायनल फँटसी' या जपानी गेममालिकेवर अख्खं पान छापलंत, त्याबद्दल आधी आभार. एरवी मराठी वर्तमानपत्रात व्हिडिओ गेम येतो तो मुलांच्या चष्म्याच्या नंबराबरोबर, नाहीतर कुणीतरी मोबाइलवर पैसे घालवल्याच्या बातमीत. पण लेखकाने भागांना जे क्रमांक दिले, ते ग्राफिक्स आणि कथा या दोनच गोष्टी बघून. लढाईच्या पद्धतीला दीड ओळ, शेवटच्या बॉसचा, म्हणजे अखेरच्या बड्या शत्रूचा, नुसता नामोल्लेख, आणि मिनीगेम्स, म्हणजे गेमच्या पोटातले छोटे खेळ, ही खेळ लांबवण्याची युक्ती असं एक फटकारणारं वाक्य. आठवा भाग तर थेट तळाला. तिथे मात्र राहवलं नाही.

मी मिरजेला एका कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन व लेखाकर्म शिकवते. कॉलेजात होते तेव्हा धाकट्या भावाने एक वापरलेलं प्लेस्टेशन आणलं. सातवा, आठवा आणि नववा हे तीन भाग आम्ही एकाच मेमरी कार्डावर, जागेवरून भांडत खेळलो. दहावा आणि बारावा प्लेस्टेशन २ वर. तोवर मला नोकरी लागली होती. अलीकडचे भाग पुण्याला भाच्याकडे गेले की त्याच्या हातातला कंट्रोलर मागून घेऊन खेळते, आणि तो शेजारी बसून "मावशी, डॉज कर ना!" असं ओरडतो.

प्रश्नपत्रिका काढणं हा माझ्या कामाचा भाग आहे. त्यामुळे गेमचा शेवटचा बॉस मला पेपरसारखा दिसतो. चाळीस-पन्नास तास जे शिकवलं, ते इथे विचारलं का? की अभ्यासक्रमाबाहेरचं काहीतरी काढलं? की भलत्याच कुणाला पर्यवेक्षक म्हणून बसवलं? लढाई, मिनीगेम आणि बॉस यांना वेगवेगळे गुण देऊन बेरीज करता येत नाही. एका ठिकाणी कमावलेलं दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडतं का, हे बघावं लागतं. ते बघितलं, तर लेखकाची यादी बरीच उलटीपालटी होईल.

मिनीगेम म्हणजे मागाहून चिकटवलेली भर, असा लेखाचा सूर आहे. तसं नाही. पहिला भाग १९८७चा, निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेमयंत्रावरचा. दिग्दर्शक हिरोनोबू साकागुची, आणि प्रोग्रॅमिंग नासिर गेबेली या इराणी-अमेरिकी माणसाचं. गेबेलीने गेममधल्या जहाजात पंधरा चौकोन सरकवून जुळवायचं एक कोडं लपवून ठेवलं होतं; बटणांची विशिष्ट खटपट केली की ते उघडायचं, आणि सुटलं की थोडे पैसे मिळायचे. लढाईशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, पण ही खोड पहिल्या भागापासूनची आहे एवढं नक्की.

लढाई सुरुवातीला पाळीपाळीची होती. सगळ्यांना हुकूम द्यायचे आणि मग काय होतं ते बघत बसायचं. १९९१च्या चौथ्या भागात हिरोयुकी इतो यांनी अ‍ॅक्टिव्ह टाइम बॅटल आणलं. फॉर्म्युला वनच्या गाड्या एकमेकींना मागे टाकताना बघून ते सुचलं, असं त्यांनी सांगितलं आहे. प्रत्येक पात्राची वेळेची पट्टी आपापल्या वेगाने भरते (चौथ्यात ती पडद्यावर दिसत नसे), आणि तुम्ही मेनूत औषध शोधत बसलात तर शत्रू तुमच्यासाठी थांबत नाही. नवव्या भागापर्यंत हीच पट्टी होती. म्हणून चौथ्यापासून नवव्यापर्यंत तुलना करायची, तर पात्रांना ताकद कुठून मिळते ते विचारायला हवं.

सातव्या भागात (१९९७) ती मटेरियातून मिळते. शस्त्राच्या खाचांमध्ये रंगीत गोटे बसवायचे; जोडखाचेत 'ऑल' बसवला की एका शत्रूवरचा मंत्र सगळ्यांवर पडतो. जुळवाजुळव करायला मजा येते, पण गोटे कुणालाही बसतात, त्यामुळे लिमिट ब्रेक (मार खाऊन खाऊन सुटणारा ज्याचा त्याचा खास वार) सोडला तर क्लाउड काय आणि टीफा काय, लढताना फारसा फरक उरत नाही. मिनीगेम्सची मात्र खैरात आहे: मोटरसायकलवरचा पाठलाग, बर्फावरून घसरणं, पाणबुडी, सैनिकांबरोबर संचलन, जिममध्ये उठाबशा. सगळ्यांत मोठा खटाटोप चोकोबोंचा. पक्षी पकडा, त्यांना चारा घाला, शर्यतीत पळवा, जोड्या लावा. होता होता सोनेरी चोकोबो जन्मतो आणि समुद्र ओलांडून एका बेटावर नेतो. तिथे मिळतं 'नाइट्स ऑफ द राउंड': तेरा सरदार एकामागून एक येऊन वार करतात. एवढं हाताशी असल्यावर शेवटचा खलनायक सेफिरोथ काय विचारतोय, हे वाचायचीही गरज राहत नाही.

तो तसंही फार काही विचारत नाही. नोबुओ उएमात्सू यांचं लॅटिन समूहगान सुरू होतं, सेफिरोथ 'सुपरनोव्हा' सोडतो, आणि मग जवळजवळ दोन मिनिटं आपण हात बांधून बघायचं: धूमकेतू प्लूटो फोडतो, शनीच्या कड्यांतून जातो, गुरूला भोक पाडतो, सूर्य फुगून बुधाला आणि शुक्राला गिळतो. इतकं झाल्यावर आपल्या उरलेल्या एचपीचे, म्हणजे जीवशक्तीचे, सोळापैकी पंधरा भाग जातात. म्हणजे नुसत्या त्या वाराने कुणी मरूच शकत नाही! भावाला मी हे हिशेबाने दाखवलं तेव्हा तो माझ्यावरच चिडला होता. वर अगदी शेवटी क्लाउड आणि सेफिरोथ समोरासमोर येतात, लिमिट भरलेलं असतं, एक बटण दाबायचं आणि झालं. संगीत अंगावर काटा आणतं, दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही, हे सगळं मान्य. पण ते नाटक आहे.

आता आठवा (१९९९). लेखात म्हटलंय की लढाई कंटाळवाणी आहे, कारण शत्रूकडून मंत्र 'ड्रॉ' करत, म्हणजे ओढून घेत बसावं लागतं. अर्धी गोष्ट खरी आहे. मंत्र इथे वस्तूसारखा साठवायचा, एकेक प्रकारचे शंभरापर्यंत. आणि तो साठा ताकद, वेग, एचपी अशा गुणांना 'जंक्शन' करायचा, म्हणजे जोडायचा. मंत्र वापरला की साठा घटतो, साठा घटला की ताकद घटते. त्यामुळे लोक मंत्र वापरतच नाहीत. पहिल्याच बेटावर पाऊण तास शत्रूला जिवंत ठेवून त्याचे मंत्र ओढणारे महाभाग मी पाहिलेत. माझा भाऊ त्यातलाच. शिवाय तुमची पातळी वाढली की शत्रूंचीही वाढते. म्हणजे इतर सगळ्या भागांत उपयोगी पडणारी सवय, मैदानात फिरून फिरून पातळी चढवायची, ती इथे पायावर धोंडा पाडते.

पण याच गेममध्ये 'ट्रिपल ट्रायड' आहे, आणि लेखकाने तो खेळला असेल असं लेखावरून वाटत नाही. तीन बाय तीनचा पट, प्रत्येकाकडे पाच पत्ते, पत्त्याच्या चारही बाजूंना आकडे. मोठा आकडा लहान आकड्याला उलटवतो. दोन मिनिटांत कळतं आणि गेम संपेपर्यंत सुटत नाही. गावोगावचे नियम वेगळे, आणि एका गावचा नियम तुमच्याबरोबर दुसऱ्या गावात शिरतो. 'रँडम' नावाचा नियम कुठे घुसला की डोकं धरून बसायचं. पत्ते एकूण ११०, त्यांतले काही त्या त्या पात्राच्या जवळच्या माणसाकडे. झेल या साथीदाराचा पत्ता बालाम्ब गावात झेलच्या आईकडे असतो. मुलाचं चित्र असलेला पत्ता ती डावावर लावते, हे मला फार आवडलं होतं. आमच्या आईने लावला नसता.

आणि हे पत्ते नुसते जमवायचे नसतात. आपल्या मदतीला येणाऱ्या क्वेझाकोटल या दैवी प्राण्याला 'कार्ड मॉड' शिकवलं की पत्त्याच्या वस्तू होतात, आणि दुसऱ्या एका विद्येने वस्तूंचे मंत्र. अ‍ॅबिस वर्मचा एक पत्ता मोडला की एक पवनचक्की, एका पवनचक्कीचे वीस टॉर्नेडो. वीस टॉर्नेडो ओढायला रणात किती वेळ उभं राहावं लागेल! पुढची गंमत अशी की लढाईतच शत्रूला अर्धमेला करून 'कार्ड' हुकूम दिला, तर त्याचाच पत्ता होतो. त्यातून अनुभवाचे गुण मिळत नाहीत, त्यामुळे पातळी वाढत नाही. विद्या शिकायचे गुण मात्र मिळतात. पातळी खाली राहिली की शत्रू दुबळे राहतात, पत्त्यांतून आलेले मंत्र जंक्शनला लागतात. ड्रॉचा कंटाळा ज्यांना येतो, त्यांच्यासाठी गेमने पर्यायी रस्ता पहिल्या दिवसापासून बांधून ठेवलाय, तोही पत्त्यांच्या टेबलावरून. याला खेळ लांबवणं म्हणतात का? माझ्या मते लढाईचं निम्मं स्वयंपाकघर त्या पटावर आहे.

शेवटाकडे चला. अल्टिमेसिया या खलनायिकेच्या किल्ल्यात पाऊल टाकलं की साधा वार सोडून सगळं बंद होतं. मंत्र, वस्तू, ड्रॉ, लिमिट ब्रेक, पडलेल्याला उठवणं, एवढंच काय, सेव्ह करणंसुद्धा: आठ कुलपं, आठ राखणदार. एकेकाला हरवायचं आणि काय आधी परत मागायचं ते आपण ठरवायचं. तुम्ही आजवर कशाच्या जिवावर जिंकत होता, हे तो किल्ला तुमच्याच तोंडून वदवून घेतो. मग खुद्द अल्टिमेसिया. सहा जणांतले कुठले तीन लढतील हे ती ठरवते, तुम्ही नाही. ज्यांनी नायक स्क्वॉल आणि दोन लाडक्यांनाच सगळे मंत्र चिकटवले, त्यांच्या पुढ्यात रिकाम्या हाताची सेल्फी आणि अर्विन येऊन उभे राहतात. पडलेल्याला वेळेत उठवलं नाही तर काळ त्याला गिळतो आणि दुसरा येतो. स्क्वॉलच्या मनातली सर्वांत बलाढ्य शक्ती ती ओढून काढते, ग्रीव्हर म्हणून समोर उभी करते. म्हणजे जो ड्रॉ आपण सगळीकडे करत आलो, तो ती आपल्यावर करते. आणि या लढायांमध्ये साठवलेला मंत्रच उडून जाऊ शकतो, त्याबरोबर त्याला बांधलेली ताकदही. अभ्यासक्रमातलं एक प्रकरण सोडलेलं नाही. मालिकेत इतका नेटका काढलेला पेपर मला दुसरा दिसला नाही. कथेत गोंधळ आहे, बहुतेक सगळे एकाच अनाथाश्रमात वाढले हा खुलासा कुणालाच पचत नाही, हे खरं. पण लढाईच्या गुणांतून ते वजा कशाला करायचं?

नववा (२०००) लेखकाचा पहिला क्रमांक आहे. त्यांचं प्रेम समजू शकते. त्यातला छोटा जादूगार विवी कुणाला आवडत नाही? पण चार-चार पात्रांच्या पट्ट्या इतक्या सावकाश भरतात की हुकूम दिल्यावर चहा गाळून येता येतं. 'टेट्रा मास्टर' हा पत्त्यांचा खेळ म्हणजे तर नाव सोनुबाई. पत्त्यावर बाण आणि गूढ आकडे-अक्षरं, नियम कुणी धड सांगत नाही, भारी पत्ताही नशिबाने हरतो. तिसऱ्या डिस्कवर ट्रेनो शहरात त्याची स्पर्धा सक्तीची. दोरीवरच्या हजार उड्या मारल्या तर 'राजा' ही पदवी, बस्स. त्यातल्या त्यात 'चोकोबो हॉट अँड कोल्ड' चांगला: चोचीने जमीन टोकरायची, नकाशे सापडतात, नकाशावरून खजिना, खजिन्यात खरोखरची शस्त्रं.

आणि शेवटी? चार डिस्कभर खलनायक कुजा आपल्याशी झुंजतो, त्याचा अहंकार, त्याची भीती सगळं बांधत आणलेलं असतं. तो हरतो, आणि त्यानंतर नेक्रॉन नावाचा कुणीतरी येऊन बसतो, ज्याचा आधी पत्ताच नाही. आयत्या बिळावर नागोबा. त्याचा 'ग्रँड क्रॉस' कुणाला झोपवेल, कुणाला आंधळं करेल, कुणाला मरणाच्या दारात नेईल, सगळं चिठ्ठ्या टाकल्यासारखं. दागिन्यांतून शिकलेल्या बचावाच्या विद्या थोड्याफार कामाला येतात, हे मान्य करते. त्याहून जास्त उदारपणा जमणार नाही.

दहावा (२००१) ज्यांनी खेळलेला नाही त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद गाळावा. तोशिरो त्सुचिदा यांनी इथे पट्टी काढून टाकली. उजव्या बाजूला यादी दिसते: आता कोण, मग कोण, त्यानंतर कोण. जड वार केला तर आपली पुढची पाळी लांबते, हेही तिथेच दिसतं. लढता लढता माणूस बदलता येतो, आणि प्रत्येकाला काम आहे: उडणाऱ्यांना वाकाचा चेंडू, चिलखतवाल्यांना ऑरनची तलवार, यंत्रांना रिक्कू. मला ही सर्वांत प्रामाणिक लढाई वाटते. हरलात तर दोष घाईला देता येत नाही. मिनीगेम्समध्ये मात्र छळही आहे. लुलूच्या शस्त्रासाठी विजा सलग दोनशे वेळा चुकवायच्या! हे ज्याने योजलं त्याला मी एकही गुण देणार नाही. पण ब्लिट्झबॉल हा चेंडूचा खेळ वेगळा. पाण्याच्या गोलात सहा-सहा खेळाडू, आणि चेंडू फेकला की फेकीच्या आकड्यातून अंतर वजा, अडवणाऱ्याचा आकडा वजा, उरलं ते गोलरक्षकासमोर. माझ्या भावाला हा खेळ संथ वाटायचा. मी संघाच्या करारांच्या नोंदी वहीत ठेवायचे. नीमरूकसारखा गोलरक्षक हाती लागला की सामना निम्मा जिंकलाच.

लेखकाने ब्लिट्झबॉलला 'कथेशी असंबद्ध' म्हटलंय. अहो, गेमचा नायक टीडस ब्लिट्झबॉल खेळाडू आहे. त्याच्या सामन्यातच झानारकंड या त्याच्या शहरावर संकट कोसळतं. बापाचा फटका तो बोटीच्या डेकवर शिकतो. आणि शेवटचा बॉस हा तोच बाप, जेक्ट, एकेकाळचा ब्लिट्झबॉलचा तारा. त्या लढाईत टीडसला 'बोल' असा एक हुकूम मिळतो. तो दिला की जेक्टचा चढत चाललेला ओव्हरड्राइव्ह (खास वाराची पट्टी) उतरतो, पण दोनदाच. गेमभर बापाला शिव्या घालणाऱ्या पोराला लढाईच्या मेनूतून बोलायला लावलंय. दोन्ही बाजूंचे पॅगोडे त्या बापाला बरं करत राहतात, आपण पाळ्यांची यादी वाचत त्यांचा बंदोबस्त करतो: शिकवलेलं सगळं विचारून झालेलं असतं. त्यानंतर साथीदार युनाने एकेक करून बोलावलेले, आपण स्वतः नावं ठेवलेले एऑन (मदतीला येणारे दैवी प्राणी) आपल्यालाच मारावे लागतात, आणि मग सगळ्यामागचा सूत्रधार यू येव्हॉन. तेव्हा सगळ्यांवर आपोआप जिवंत होण्याचं कवच असतं, हरणं जवळपास अशक्य. अनेकांना हा भाग पुळचट वाटतो. मला नाही वाटत. पेपर आधीच संपलाय, हा निरोप आहे. गंमत म्हणजे यू येव्हॉनला झोंबी केलं, म्हणजे बरं करणारा मंत्रही त्याला इजा करेल असं केलं, तर तो स्वतःला बरं करायला जातो आणि त्याच मंत्राने स्वतःला मारून घेतो. या सगळ्यात मध्ये कुठे सेव्ह नाही आणि दृश्यं गाळता येत नाहीत. आमच्याकडे तेव्हा भारनियमन होतं. वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून यायचं, आणि ते बघूनच आम्ही शेवटच्या लढाईचा मुहूर्त काढला होता.

बाराव्याबद्दल (२००६) थोडक्यात. 'गॅम्बिट' म्हणजे आधीच लिहून ठेवायच्या अटी: साथीदाराचा एचपी निम्म्याखाली गेला तर औषध दे, शत्रू उडणारा असेल तर बाण मार. इतोंनी या वेळी अमेरिकन फुटबॉलमधल्या आखीव चालींवरून कल्पना घेतली. गेम स्वतःच खेळतो, ही तक्रार नेहमीची. अटी नीट लिहिणं हेच तर तिथलं लढणं. पण म्हणूनच खलनायक व्हेनशी होणारी अखेरची लढाई फुसकी वाटते. चांगल्या अटी लिहिल्या असतील तर ती बाकीच्यांसारखीच निकालात निघते. खरी परीक्षा याझमॅट नावाच्या आडवाटेच्या ड्रॅगनकडे आहे. त्याचा एचपी पाच कोटी. प्लेस्टेशन २ वर एका वाराची कमाल ९,९९९, म्हणजे सगळे वार पूर्ण ताकदीचे बसले तरी किमान पाच हजार वार. मधेच बाहेर जाऊन सेव्ह करता येतं, ही दया.

सहाव्याचा (१९९४) खलनायक केफ्का लेखातून सुटला, ते बरं झालं नाही. चौदापैकी बारा जणांची रांग लावून चढायची लढाई आहे ती: थरावर थर, पडेल त्याच्या जागी पुढचा. एखाद-दोघांनाच वाढवलेलं असेल तर तिथे उघडं पडायला होतं. आठव्याची कल्पना तिथून आली असावी असा माझा कयास आहे.

राहिला सोळावा (२०२३). लढाईसाठी 'डेव्हिल मे क्राय ५' या मारधाडीच्या गेमवर काम केलेले र्योता सुझुकी आणले. हात बसला की नायक क्लाइव्ह असा फिरतो की माझा भाचासुद्धा गप्प बसतो. पण पत्ते नाहीत, शर्यत नाही, मासे पकडायचा गळ नाही. आगीच्या शत्रूला पाणी लागू पडावं, एवढाही विचार तो मागत नाही. शेवटच्या अल्टिमासमोर उभं राहिल्यावर विचारण्यासारखं शिकवलेलंच थोडं असतं: वेळेवर चुकव, वेळेवर मार. पुढच्याच वर्षी आलेल्या 'रीबर्थ'मध्ये (सातव्याच्या नव्या अवतारात) मिनीगेम्स इतके ठासून भरलेत की भाचा वैतागला. मला मात्र त्यातल्या 'क्वीन्स ब्लड' या पत्त्यांच्या खेळाच्या पटावर बसल्यावर बऱ्याच वर्षांनी जेवणाची वेळ चुकली.

जागेअभावी पत्र कापावं लागलं तर सोळाव्याबद्दलचं खुशाल कापा. आठव्याबद्दलचं तेवढं राहू द्या.

आपली नम्र,
एक शिक्षिका, मिरज